तीनपैकी एकच गोळी चालू ठेवू का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात : वय 58. अनेक वर्षांचा खोकला आणि बेडका. सीटी स्कॅनमध्ये ब्रॉन्किएक्टॅसिस, म्हणजे श्वासनलिका कायमच्या रुंदावलेल्या, आणि आजूबाजूला बारीक गाठी दिसल्या. फुप्फुसात पोकळी नाही. थुंकीच्या दोन कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, मायकोबॅक्टेरियम एव्हियम कॉम्प्लेक्स, थोडक्यात ‘मॅक’ हे जंतू निघाले. गेले चार महिने सोमवार, बुधवार आणि शुक्रवार सकाळी उपाशीपोटी अझिथ्रोमायसिन 500, रिफाम्पिसिन 450 आणि इथॅम्ब्युटॉल 1200 मिलिग्रॅम एकदमच घेतात. त्या दिवशी दुपारपर्यंत मळमळीने आडव्या असतात. वजन 48 वरून 43 किलोवर आलं आहे. थायरॉइडची गोळी आधीपासून चालू आहे. खोकला थोडा कमी झाला, पण परवा आलेला कल्चर रिपोर्ट पुन्हा पॉझिटिव्ह. त्या लिहितात : “ओळखीच्या एका बाईंनाही ब्रॉन्किएक्टॅसिस आहे. त्या फक्त अझिथ्रोमायसिन घेतात आणि ठणठणीत आहेत. मलाही तीच एक गोळी सोसते. बाकी दोन बंद केल्या तर काय बिघडेल? डॉक्टरांना विचारायची भीती वाटते, रागावतील. दोन महिन्यांत लेकीला बाळ होणार आहे आणि घरातले म्हणतात की हा टीबीचाच प्रकार आहे, बाळापासून लांब राहा. दीड वर्ष हे असं रेटण्यात काही अर्थ आहे का?”

उत्तर :

ताई, कारणं पुढे येतीलच, आधी थेट उत्तर देऊन टाकू. तिन्ही औषधं डॉक्टरांशी बोलून थांबवणं हा एक पर्याय आहे. दोन थांबवून अझिथ्रोमायसिन एकटं चालू ठेवणं हा पर्यायच नाही. काहीच न घेण्यापेक्षा थोडं घेतलेलं बरं, असं कुणालाही वाटेल. या आजारात मात्र थोडं घेणं काहीच न घेण्यापेक्षा महागात पडतं.

मॅकच्या उपचाराचा सगळा भार अझिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन यांच्यावर असतो. दोघं एकाच गटातली, मॅक्रोलाइड. फुप्फुसातल्या असंख्य जंतूंमध्ये मोजके काही असे असतात, की त्यांच्या 23एस आरएनएच्या जनुकात आपोआप एक बारीकसा बदल झालेला असतो आणि मॅक्रोलाइड त्यांच्यावर चालत नाही. इथॅम्ब्युटॉल सोबत असतं तोवर हे मोजके जंतू वाढू शकत नाहीत. ते काढून घेतलं की अझिथ्रोमायसिन बाकीच्यांना मारतं आणि यांना मोकळं रान मिळतं. सुरुवातीला बरंही वाटतं, खोकला कमी होतो, त्यामुळे फसवणूक लवकर लक्षात येत नाही. काही महिन्यांनी थुंकीत जे उरतं त्यावर अझिथ्रोमायसिनही चालत नाही आणि क्लॅरिथ्रोमायसिनही. मॅक्रोलाइड लागू पडत असताना साधारण निम्म्या ते दोन-तृतीयांश रुग्णांची थुंकी जंतुमुक्त होते. रेझिस्टन्स आल्यावर, म्हणजे जंतू औषधाला दाद देईनासे झाल्यावर, हे प्रमाण पाचांत एकाच्या आसपास घसरतं आणि मग अमिकासिनची इंजेक्शनं, कधी शस्त्रक्रिया, असा रस्ता सुरू होतो. आज तुमच्या हातात असलेलं सगळ्यांत मोलाचं औषध तेच आहे जे तुम्ही एकटं घेऊ पाहता.

मग त्या ओळखीच्या बाई? बहुधा त्यांना ब्रॉन्किएक्टॅसिस आहे, पण मॅक नाही. वारंवार छातीत संसर्ग उसळणाऱ्या रुग्णांना अझिथ्रोमायसिन कमी मात्रेत बरेच महिने देतात. तिथे त्याचं काम मुख्यतः श्वासनलिकांची सूज उतरवणं आणि उसळण्याचे प्रसंग कमी करणं हे असतं. असं एकटं अझिथ्रोमायसिन सुरू करण्याआधी थुंकीत मॅकसारखे जंतू नाहीत ना, हे मुद्दाम तपासायचं असतं, ते वर सांगितलेल्या कारणासाठीच. तुमचे दोघींचे स्कॅन सारखे दिसत असतील. थुंकी वेगळी आहे.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य : “तीच एक गोळी मला सोसते.” हे तुम्हाला कसं कळलं? तिन्ही गोळ्या तुम्ही एकाच वेळी, एकाच दिवशी घेता. मळमळ कुणामुळे होते हे या पद्धतीत कळूच शकत नाही. अझिथ्रोमायसिन पोट बिघडवण्यासाठी पुरेसं प्रसिद्ध आहे. तुमच्या मनातला दोषी आणि खरा दोषी वेगळे निघण्याची शक्यता चांगलीच आहे, म्हणून काय सोडायचं हे ठरवण्याआधी त्रास कशाचा आहे ते शोधून काढू.

पहिली गोष्ट हिशेबाची. आठवड्यातून तीनदा घ्यायच्या पद्धतीत इथॅम्ब्युटॉलची मात्रा दर किलो वजनाला 25 मिलिग्रॅम धरतात. 48 किलोला ती बरोबर 1200 होते. आज तुमचं वजन 43 आहे, तर हिशेबाने 1075 व्हायला हवी. तुम्ही घेताय 1200, म्हणजे किलोमागे जवळजवळ 28. फरक छोटा दिसतो, पण हे औषध मूत्रपिंडातून बाहेर पडतं आणि जास्त झालं तर डोळ्यांच्या नसेला इजा करू शकतं. त्यामुळे वजन उतरलं की मात्रा पुन्हा मोजायलाच हवी. गोळी स्वतः तोडून कमी करू नका. ताजं वजन आणि क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा आणि हा आकडा त्यांच्यासमोर ठेवा. रिफाम्पिसिनचे 450 हे 50 किलोच्या आतल्या रुग्णाला ठीक आहेत.

दुसरी गोष्ट वेळेची. रिफाम्पिसिन रिकाम्या पोटी, जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी, चांगलं शोषलं जातं. बाकीच्या दोघांना ही अट नाही. अझिथ्रोमायसिन आणि इथॅम्ब्युटॉल अन्नाबरोबर चालतात, आणि तसं घेतल्यावर पोट कमी ढवळतं. तिघांना सकाळी उपाशीपोटी एका घोटात गिळण्याची काहीच गरज नाही. डॉक्टरांना विचारण्याजोगी मांडणी अशी : त्याच दिवशी दुपारच्या जेवणात अझिथ्रोमायसिन आणि इथॅम्ब्युटॉल, रात्रीच्या जेवणानंतर दोन-अडीच तासांनी रिफाम्पिसिन. मळमळीचा काही भाग झोपेत निघून जातो. शिवाय मळमळ दुपारी आली की रात्री, यावरून ती कुणाची हेही हळूहळू उमगतं. एकाच औषधाची दिवसभराची मात्रा मात्र दोन वेळांत वाटून घेऊ नका. रिफाम्पिसिन आणि इथॅम्ब्युटॉल दोघांनाही रक्तात एकदा पुरेशी उंची गाठावी लागते.

गोळ्या घेऊन लगेच आडवं होण्याची सवयही सोडा. पोटातलं आम्ल वर घशाशी येतं, मळमळ वाढते, आणि ते थेंब-थेंब श्वासनलिकेत उतरलं तर मुळात दुखरं असलेलं फुप्फुस आणखी चिडतं. अर्धवट बसून राहा. रात्रीच्या गोळीनंतर उशाकडची बाजू चांगली उंच करा, नुसती एक उशी वाढवून मान वाकवू नका.

मळमळीवर औषध दुकानातून परस्पर आणू नका. ऑन्डान्सेट्रॉन आणि डॉमपेरिडॉन ही नेहमीची नावं अझिथ्रोमायसिनसारखीच हृदयाच्या ठोक्यांमधला क्यूटी नावाचा अवधी लांबवतात. दोघं एकत्र आली तर ठोका बिघडण्याचा धोका वाढतो. ईसीजी बघून डॉक्टर ती देऊ शकतात, पण त्यांना माहीत असायला हवं. ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमची आम्लविरोधी औषधंही इथॅम्ब्युटॉल शोषू देत नाहीत. दोघांत चार तासांचं अंतर ठेवा, अझिथ्रोमायसिनपासून दोन तासांचं.

एवढं करूनही जमलं नाही तर पुढची पायरी डॉक्टरांच्या हातातली आहे. सगळी औषधं एक-दोन आठवडे एकत्र थांबवून मग एकेक पुन्हा सुरू करतात. क्रम बहुधा असा ठेवतात, की अझिथ्रोमायसिन एकटं पडू नये : आधी इथॅम्ब्युटॉल, मग काही दिवसांनी अझिथ्रोमायसिन, शेवटी रिफाम्पिसिन. ज्याच्या पाठोपाठ मळमळ परतते तो सापडला. रिफाम्पिसिन निघालं तर त्याच्या जागी रिफाब्युटिन किंवा क्लोफॅझिमिन आणता येतं, आणि काही रुग्णांत अनुभवी डॉक्टर उरलेल्या दोघांवरच पुढे नेतात. तिघांपैकी कुणाला हलवायचंच असेल तर रिफाम्पिसिनच्या बाबतीत थोडी मोकळीक आहे, इथॅम्ब्युटॉलच्या बाबतीत फारच कमी. अझिथ्रोमायसिनचं खरं संरक्षण तेच करतं. म्हणजे औषधं कमी करण्याची तुमची इच्छा मुळात चुकीची नाही, फक्त कोणतं कमी करायचं हे पोटाला विचारून ठरत नाही.

रिफाम्पिसिन अधूनमधून, मनाला येईल तसं घेण्यात वेगळाच धोका आहे. मध्ये खंड पडून पुन्हा सुरू केल्यावर शरीर कधीकधी त्याच्याविरुद्ध उलटतं : थंडी-ताप, अंगदुखी, क्वचित प्लेटलेट्स घसरणं किंवा मूत्रपिंडाला इजा. एखादा सोमवार चुकला तर मंगळवारी घेऊन त्या आठवड्यापुरतं मंगळ-गुरु-शनि करता येतं. दोन डोस एका दिवशी कधीच नाहीत. आठवडाभर खंड पडला असेल तर न विचारता सुरू करू नका.

थायरॉइडकडे बहुधा कुणाचं लक्ष गेलेलं नाही. रिफाम्पिसिन यकृताला कामाला लावतं आणि इतर बरीच औषधं शरीरातून लवकर संपवतं. लेव्होथायरॉक्सिन त्यांतलं एक. वर्षानुवर्षं बरोबर बसलेली तुमची मात्रा या चार महिन्यांत अपुरी झाली असू शकते, आणि थकवा वाटत असेल तर तो सगळाच जंतूंचा किंवा अँटिबायोटिकचा नसेल. टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या. रिफाम्पिसिन रात्री नेलं तर सकाळची उपाशीपोटीची जागाही थायरॉइडच्या गोळीला पूर्ववत मिळेल. पुढे कधी रिफाम्पिसिन बंद झालं की मात्रा पुन्हा तपासावी लागते, कारण तेव्हा तीच जास्त ठरते. इतर वाचकांनीही आपली यादी या नजरेने बघावी. रक्त पातळ करणारी औषधं, गर्भनिरोधक गोळ्या, स्टेरॉइड, मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या, कोलेस्टेरॉलची काही औषधं रिफाम्पिसिनमुळे फिकी पडतात. गर्भनिरोधक गोळीवर तर या काळात विसंबूच नये.

आता कल्चर. परवाचा रिपोर्ट पाहून तुम्हाला वाटलं की औषध फुकट जातंय. त्या रिपोर्टवरची नमुना दिल्याची तारीख बघा. मॅक हळू वाढतं, कल्चरला सहा ते आठ आठवडे जातात, म्हणून आज हातात आलेला कागद दोन-अडीच महिने औषध झालेल्या फुप्फुसाबद्दल बोलतोय. आजच्याबद्दल नाही. नुसतं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह न बघता प्रयोगशाळेला दोन गोष्टी विचारा. स्मिअर, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली थेट दिसणाऱ्या जंतूंचं प्रमाण, आधी किती प्लस होता आणि आता किती आहे? आणि वाढ कितव्या दिवशी दिसली? पूर्वी दहाव्या दिवशी दिसायची ती आता पंचविसाव्या दिवशी दिसत असेल तर जंतू कमी होत आहेत, रिपोर्टवर शब्द तोच छापला असला तरी. तिसरा प्रश्न डॉक्टरांसाठी : उपचाराआधी क्लॅरिथ्रोमायसिनची ससेप्टिबिलिटी, म्हणजे ते तुमच्या जंतूंवर चालतं का हे, तपासली होती का? एमआयसी, म्हणजे जंतूंची वाढ रोखायला लागणारं औषधाचं किमान प्रमाण, 8 किंवा कमी असेल तर जंतूंवर औषध चालतं, 32 किंवा जास्त असेल तर चालत नाही. क्लॅरिथ्रोमायसिनचा हाच आकडा अझिथ्रोमायसिनसाठीही धरतात.

थुंकी महिन्या-दोन महिन्यांनी द्यायची असते. सकाळी उठल्यावरची, खोल खोकून काढलेली द्या. लाळ चालत नाही. आधी चूळ भरायची असेल तर उकळून गार केलेल्या पाण्याने भरा. साध्या नळाच्या पाण्यातही मॅकचे भाऊबंद असतात आणि रिपोर्ट उगाच पॉझिटिव्ह येऊ शकतो. नमुना लगेच पोचवता येत नसेल तर फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही.

“दीड वर्ष” हा आकडा कुठून आला तेही समजून घ्या. बहुतेक रुग्णांना तो शिक्षेच्या मुदतीसारखा सांगितला जातो, ही या उपचारातली माझ्या मते सगळ्यांत वाईट सवय. खरा नियम असा : कमीत कमी चार आठवड्यांच्या अंतराने दिलेले तीन नमुने लागोपाठ निगेटिव्ह आले की त्यांतल्या पहिल्या नमुन्याच्या तारखेपासून 12 महिने. तो नमुना पाचव्या महिन्यातला असेल तर एकूण 17 महिने, तिसऱ्यातला असेल तर 15. सहा महिने नीट औषध घेऊनही कल्चर पॉझिटिव्हच राहिलं तर तेच औषध तसंच ओढत राहायचं नसतं. त्या टप्प्यावर नियमित घेतलं का, मात्रा बरोबर आहे का, रेझिस्टन्स आला का हे तपासून उपचार बदलतात. नेब्युलायझरने घ्यायचं लायपोसोमल अमिकासिन याच वेळेसाठी आहे. म्हणून तुमच्यापुढचा खरा मुक्काम सहावा महिना आहे. दीड वर्षाचा निर्णय आज घ्यायचाच नाही.

औषध पूर्ण थांबवून नुसतं लक्ष ठेवायचं का, हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. मॅक निघालेल्या प्रत्येकाला लगेच औषध सुरू करत नाहीत. त्रास कमी, पोकळी नाही, स्मिअर निगेटिव्ह, वजन टिकून आहे, अशा रुग्णांना काही महिन्यांनी थुंकी आणि स्कॅन करत नुसतं बघत राहणं योग्य ठरतं. तुमच्या बाजूने पोकळी नसणं ही चांगली गोष्ट आहे. विरुद्ध बाजूला वजन आहे : चार महिन्यांत दहा टक्क्यांहून जास्त उतरलंय, आणि कृश शरीरात हा आजार जास्त पुढे सरकतो. पण ते वजन आजारामुळे उतरलंय की मळमळीमुळे? मळमळीमुळे असेल तर औषधाची मांडणी बदलल्यावर काही आठवड्यांत काटा स्थिरावेल. माझं मत असं, की आधी वेळा आणि मात्रा दुरुस्त करा, सहाव्या महिन्यापर्यंत पोचा, आणि तिथे स्कॅन, कल्चर, वजन तिन्ही समोर ठेवून चालू ठेवायचं की थांबवायचं हे ठरवा. वजन तोवर 42 च्या खाली जायला लागलं तर सहाव्या महिन्याची वाट न बघता सगळं एकत्र थांबवण्याबद्दल बोला.

वजनासाठी तुमच्याकडे एक सोय आहे जी रोज औषध घेणाऱ्यांना मिळत नाही. आठवड्यातले चार दिवस गोळ्यांचे नाहीत. त्या चार दिवसांत भूक परतते. तेव्हा पाच-सहा वेळा थोडं-थोडं, प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ भरपूर असलेलं खा आणि गोळीच्या दिवशी जेवढं जाईल तेवढ्यावर समाधान माना. प्रथिनांचं लक्ष्य दर किलोला 1.2 ते 1.5 ग्रॅम, म्हणजे तुमच्यासाठी रोज सुमारे 50 ते 65 ग्रॅम, मूत्रपिंड ठीक असेल तर. वजन आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी सकाळी, त्याच काट्यावर करा. रोज काट्यावर चढलं की फक्त धास्ती वाढते.

डॉक्टरांच्या रागाबद्दल. “मला औषध बंद करायचंय” असं म्हटलं की संवाद तिथेच अडतो. त्याऐवजी असं म्हणून बघा : “मला उपचार पूर्ण करायचे आहेत, पण आत्ता जसे चालले आहेत तसे आणखी दोन महिने निभतील असं वाटत नाही. काय बदलता येईल?” सोबत एक कागद न्या. त्यावर गोळ्यांच्या वेळा, मळमळ कधी सुरू होते आणि किती तास टिकते, दर आठवड्याचं वजन, चुकलेले डोस तारखेसह, आणि तुम्ही घेत असलेली बाकी सगळी औषधं. चुकलेले डोस लपवू नका. ते माहीत नसले तर डॉक्टरांना वाटतं की औषध हरलं, आणि ते आणखी जड औषध वाढवतात. तरीही कुणी फक्त रागावलंच तर या आजाराचा अनुभव असलेल्या दुसऱ्या छातीच्या डॉक्टरांचं मत घ्यायला हरकत नाही.

बाळाबद्दल निःशंक राहा. मॅक आणि टीबीचे जंतू एकाच कुळातले आहेत, सूक्ष्मदर्शकाखाली सारखेच दिसतात, औषधंही काही सामायिक आहेत, त्यामुळे घरच्यांचा गोंधळ होणं साहजिक आहे. मॅक माणसाकडून माणसाकडे पसरत नाही. ते पाणी आणि मातीतून येतं. वेगळी भांडी, वेगळी खोली, मास्क, यांतलं काही लागत नाही. घरच्यांना समजावण्यात शक्ती घालवण्यापेक्षा पुढच्या वेळी लेकीला किंवा घरातल्या एकाला डॉक्टरांकडे सोबत न्या आणि हा एक प्रश्न त्यांनाच विचारू द्या. रिपोर्टवर ‘ॲसिड-फास्ट बॅसिलाय पॉझिटिव्ह’ एवढंच लिहिलेलं असेल तर टीबी की मॅक हे ठरत नाही. तुमच्या कल्चरमध्ये जंतूचं नाव आलेलं आहे.

गोळ्यांइतकंच महत्त्वाचं, आणि पत्रात ज्याचा उल्लेखच नाही, ते म्हणजे छाती मोकळी करणं. रुंदावलेल्या नळ्यांत साचलेल्या बेडक्यापर्यंत औषध नीट पोचत नाही. फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्या. चक्र साधारण असं : अर्धा मिनिट खांदे सैल सोडून शांत श्वास. मग तीन ते पाच खोल श्वास, प्रत्येक श्वास भरल्यावर तीन सेकंद रोखून. पुन्हा शांत श्वास. मग एक-दोन वेळा ‘हफ’, म्हणजे आरशावर वाफ धरावी तसं तोंड उघडं ठेवून जोरात पण न खोकता हवा बाहेर ढकलणं. बेडका वर आला की खोकून टाका. दहा ते तीस मिनिटं, दिवसातून दोनदा, दमल्या असाल त्या दिवशी एकदा. जेवणानंतर लगेच नको. बेडका चिकट असेल तर डॉक्टर 3 किंवा 7 टक्के मिठाचं पाणी नेब्युलायझरने देतात. त्याने श्वासनलिका आवळू शकते, म्हणून पहिला डोस दवाखान्यातच घ्या आणि आधी सालब्युटामॉलचा पंप. क्रम लक्षात ठेवा : पंप, मिठाचं पाणी, मग व्यायाम, आणि श्वासावाटे घ्यायचं अँटिबायोटिक असेल तर ते सगळ्यांत शेवटी, मोकळ्या छातीत. नेब्युलायझरचा कप दर वेळी साबणाच्या पाण्याने धुवा, रोज एकदा पाच मिनिटं उकळा (कंपनीच्या सूचनेत परवानगी असेल तर) आणि हवेवर पूर्ण वाळवा. नळाखाली विसळून ओला ठेवलेला कप म्हणजे जंतूंना घर बांधून देणं.

पाण्याची भीती मात्र बेतानेच बाळगा. वाफारे सोडणारं ह्युमिडिफायर नको, गरम पाण्याचे फेसाळ टब नकोत, कोंदट न्हाणीघरात शॉवरखाली खूप वेळ उभं राहणं नको. कुंडीतली माती हलवताना ती आधी ओली करा आणि मास्क लावा. गरम पाण्याची टाकी असेल तर 55 अंशांच्या वर ठेवा आणि अंगावर घेताना गार पाणी मिसळायला विसरू नका. यापलीकडे घरभर फिल्टर बसवत सुटू नका. हे जंतू पूर्ण टाळणं कुणालाच शक्य नाही.

डोळ्यांची तपासणी घरीही करायची असते. आठवड्यातून एकदा, त्याच उजेडात, त्याच अंतरावर धरलेला बारीक मजकूर आधी एका डोळ्याने वाचा, मग दुसऱ्याने. एखादी लालभडक वस्तू दोन्ही डोळ्यांनी वेगवेगळी बघा. एका डोळ्याला ती विटकी किंवा तपकिरी दिसली तर तो बदल आहे. दोन्ही डोळे उघडे ठेवून ही तपासणी निरुपयोगी, कारण चांगला डोळा बिघडलेल्याचं झाकून नेतो. दवाखान्यातली दृष्टी आणि रंगांची तपासणी साधारण दर महिन्याला हवी. यकृत, क्रिएटिनिन आणि रक्तपेशी वेळोवेळी, आणि कानाची चाचणी एकदा तरी केलेली असावी, पुढे तुलना करायला.

खाली दिलेल्यांपैकी काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. नजर धूसर झाली किंवा रंग फिके वाटले तर इथॅम्ब्युटॉलचा पुढचा डोस न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा आणि बाकी दोघांचं काय करायचं तेही तेव्हाच विचारा. डोळे पिवळे होणं, उजव्या बरगडीखाली दुखणं, अन्नाचा वासही नकोसा होऊन उलट्या सुरू होणं ही यकृताची तक्रार असू शकते. लघवी नारिंगी होणं रिफाम्पिसिनमुळे ठरलेलं आहे, घाम आणि अश्रूही रंगतात, मऊ कॉन्टॅक्ट लेन्स कायमच्या डागाळतात. पण रविवारी, म्हणजे गोळी घेऊन दोन दिवस झाल्यावरही, लघवी गडद राहिली तर ती रिफाम्पिसिनची नाही. कानात नवीन आवाज किंवा ऐकू कमी येणं, धडधड होऊन चक्कर येणं, अंगावर न लागता काळे-निळे डाग उठणं, दिवसातून तीनपेक्षा जास्त वेळा पाण्यासारखे जुलाब, विशेषतः तापासोबत किंवा रक्तासह, यांसाठीही फोन करा. जुलाब थांबवायची गोळी स्वतःहून घेऊ नका, कारण अँटिबायोटिकमुळे आतड्यात होणाऱ्या एका संसर्गात ती घातक ठरते. आणि खोकल्यातून रक्ताची नुसती रेघ आली तर त्या दिवशी फोन पुरेसा आहे. चमचाभराहून जास्त ताजं रक्त आलं तर फोन करत बसू नका, थेट आपत्कालीन विभागात जा.